डबा निर्दोष आहे

पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा आपल्याकडच्या गॅरेजांतला सर्वांत बदनाम भाग असावा. कोणी त्याला ‘कॅट’ म्हणते, कोणी ‘कॅटकॉन’, कोणी नुसताच ‘डबा’. पिकअप गेला, ॲव्हरेज पडले, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी०४२० हा कोड उमटला, की निकाल लागतो: डबा चोक झाला. मग दोन सल्ले मिळतात. पैसे खर्चायची तयारी असेल तर नवा टाका. नसेल तर जुना उतरवा, आतली जाळी फोडा आणि रिकामी नळी परत बसवा, गाडी मोकळी होईल. हा दुसरा सल्ला रिक्षा स्टँडपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत इतक्या खात्रीने दिला जातो की शंका घेणाराच अडाणी ठरतो.

मला दोन्ही सल्ल्यांचे खंडन करायचे आहे. जाळी फोडणे चूक आहे हे अनेकांना मनातून ठाऊक असते. पण मागचापुढचा विचार न करता नवा डबा टाकणेही त्याच चुकीतून निघते, हे फारसे कोणी बोलत नाही. दोन्ही सल्ले डब्याला आरोपी मानतात. वस्तुतः डबा सहसा स्वतःच्या दोषाने मरत नाही. इंजिनातला दुसरा कुठला तरी बिघाड त्याला मारतो. तो बिघाड शोधल्याखेरीज डबा काढला तर हवा नासते आणि बदलला तर पैसा वाया जातो.

पूर्वपक्ष

विरोधी मत आधी त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडले पाहिजे. ते मत असे: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत बारीक छिद्रांची सिरॅमिक जाळी बसवली की धुराला अडथळा होणारच, आणि अडथळा झाला की ताकद आणि इंधन दोन्ही खर्ची पडणार. ही जाळी काजळीने भरत जाते, म्हणून ती ठरावीक किलोमीटरनंतर धुवावी किंवा बदलावी. स्कॅनर स्वतः ‘कॅटॅलिस्टची कार्यक्षमता कमी’ असे सांगतो, तेव्हा वेगळ्या निदानाची गरज नाही. शिवाय डबा काढूनही गाड्यांना पीयूसी मिळते. रस्त्यावर डंपर, कचऱ्याच्या आगी आणि बांधकामाची धूळ असताना एका छोट्या गाडीच्या धुराने काय बिघडते?

या मतामागे अनुभव आहे, आणि तो खोटा नाही. खंबाटकीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकणारी गाडी डबा काढल्यावर तिसऱ्यात चढून गेल्याचे सांगणारा मिस्त्री थापा मारत नसतो. ज्या डब्यातली जाळी वितळून गोळा झाली आहे, तो डबा खरोखरच धुराची वाट बंद करतो. तो काढल्यावर गाडी पळते, हे सत्य आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या अनुमानात. मेलेला डबा अडथळा करतो, यावरून निरोगी डबाही अडथळा करतो, असे सिद्ध होत नाही. आणि तो का मेला, हा प्रश्न तर कोणी विचारतच नाही.

श्वास कोंडतो, हा आक्षेप

पहिला आक्षेप ताकदीचा. पेट्रोल इंजिनाची ताकद कमी-जास्त होते ती आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवरच्या थ्रॉटलच्या पडद्याने. पुण्याच्या कर्वे रस्त्यावर किंवा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गाडी चालवताना हा पडदा बहुतेक वेळ जवळजवळ मिटलेला असतो. म्हणजे इंजिनाचा श्वास मुळात आपणच, पायाने, आवळून धरलेला असतो. वरचा नळ पाव उघडा असताना खालचा पाइप रुंद करून धार वाढत नाही, तसेच हे आहे. निरोगी कन्व्हर्टरचा अडथळा जाणवण्याइतका होतो तो पूर्ण थ्रॉटल आणि चढे आरपीएम असताना. शर्यतीच्या गाडीला त्याची फिकीर असेल. ऑफिस, भाजी आणि शाळा करणाऱ्या गाडीला ती नाही.

मग जाळी फोडल्यावर पिकअप वाढल्यासारखा का वाटतो? एक कारण वर आलेच: आधीची जाळी वितळलेली होती. दुसरे कारण आवाज. जाळी गेली की एक्झॉस्टचा आवाज जाड होतो आणि कान त्याला ताकद समजतो. ॲव्हरेजचे म्हणाल तर उलटच होण्याची शक्यता जास्त. डब्याच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढच्या सेन्सरच्या सांगण्यावरून गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल कमी-जास्त करतो आणि अनेक गाड्यांत मागच्या सेन्सरवरून ते आणखी नेमके करतो. डबा काढताना सेन्सर तुटला, त्याची पिन काढून ठेवली किंवा त्याला फसवायला मध्ये स्पेसर घातला, की ईसीयूची ही नजर मंदावते. पुढचा सेन्सर बंद पडला तर ईसीयू ठरीव आकड्यांवर गाडी चालवतो, आणि ते आकडे इंजिन जपण्यासाठी सहसा पेट्रोलच्या बाजूला झुकलेले असतात. ॲव्हरेज वाचवायला केलेला उद्योग टाकीतूनच वसूल होतो.

या आक्षेपाला इतिहासानेही उत्तर दिले आहे. लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुक्याचे मूळ गाड्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडांवर होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या क्रियेत आहे, हे कॅल्टेकमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले. त्याच काळात यूजीन ह्यूड्री हा फ्रेंच अभियंता गाड्यांसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर घडवत होता. त्याची गाडी अडली ती पेट्रोलमधल्या शिशापाशी, कारण शिसे कॅटॅलिस्टचा पृष्ठभाग झाकून त्याला निकामी करते. अमेरिकेत १९७०चा स्वच्छ हवा कायदा आला. पहिल्या काही वर्षांत कंपन्यांनी इंजिनाचे कॉम्प्रेशन उतरवून आणि स्पार्क उशिरा देऊन धूर आटोक्यात ठेवण्याचा प्रयत्न केला. त्या गाड्या खरोखर मंद आणि पेट्रोलखाऊ होत्या. १९७५च्या मॉडेलांना कन्व्हर्टर बसले, तेव्हा धूर साफ करण्याचे ओझे इंजिनावरून उतरून एक्झॉस्टकडे गेले आणि इंजिनाचे ट्यूनिंग पुन्हा ताकद आणि इंधनबचत यांकडे वळवता आले. १९७६मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत तिहेरी काम करणारा कन्व्हर्टर आणि बॉशचा लॅम्ब्डा (म्हणजेच ऑक्सिजन) सेन्सर ही जोडी आणली. मोजून पेट्रोल देणारी आजची फ्युएल इंजेक्शन व्यवस्था याच जोडीच्या गरजेतून सर्वत्र पसरली. डब्याने इंजिनाचा गळा आवळला, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि तेव्हाचे मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि तिथे शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पण संपूर्ण देशातून शिशाचे पेट्रोल गेले ते २०००च्या फेब्रुवारीत. मधल्या वर्षांत महानगराबाहेर जाऊन शिशाचे पेट्रोल भरणारी गाडी स्वतःच्याच कन्व्हर्टरला विष पाजत होती. ‘हे परदेशी लोढणे आपल्या रस्त्यांवर टिकत नाही’ या समजाचे एक मूळ मला त्या काळात दिसते. ते कारण केव्हाच संपले. पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा बीएस-४ (भारत स्टेज ४) निकषांत ५० पीपीएम होती, ती १ एप्रिल २०२०पासून बीएस-६मध्ये १० पीपीएम झाली. कन्व्हर्टरला इतके स्वच्छ इंधन या देशात पूर्वी कधी मिळाले नव्हते.

गाळणी भरते, हा गैरसमज

दुसरा आक्षेप गाळणीचा. पेट्रोल गाडीतला कन्व्हर्टर काहीही गाळत नाही. डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ वेगळा. त्याचे गुणधर्म याच्या माथी मारल्याने अर्धा गोंधळ होतो. इथे सिरॅमिकचा एक ठोकळा असतो. त्यात आरपार जाणाऱ्या सरळ, बारीक नळ्या असतात, साधारण चौरस इंचाला चारशे. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत थर, त्यात ऑक्सिजन साठवणारे सेरियम ऑक्साइड आणि प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे कण. या मौल्यवान धातूंचे एकूण वजन काही ग्रॅमच भरते. धूर या नळ्यांतून वाहत जातो आणि जाताजाता कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात आणि नायट्रोजन ऑक्साइडांमधून ऑक्सिजन काढून घेतला जाऊन साधा नायट्रोजन उरतो.

हे घडायला दोन अटी आहेत. एक उष्णता: साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे डबा काम करू लागतो. दुसरी अट हवा-पेट्रोलच्या नेमक्या प्रमाणाची: शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, ई२०ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सुमारे १३.५. सेन्सर इंधनाचा प्रकार पाहत नाही. धुरात ऑक्सिजन किती उरला एवढेच तो पाहतो, त्यामुळे प्रमाण आपोआप साधले जाते. या दोन अटी पाळल्या गेल्या तर डबा तिन्ही विषांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग नाहीसा करतो आणि स्वतः खर्च होत नाही, कारण कॅटॅलिस्टचा धर्मच तो आहे. थोडीफार काजळी साचली तरी चालत्या गाडीच्या उष्णतेत ती जळून जाते. म्हणून डबा उतरवून थिनरने, ॲसिडने किंवा साबणाच्या पाण्याने धुणे आणि टाकीत ‘कॅट क्लीनर’च्या बाटल्या ओतणे हे दोन्ही व्यर्थ आहे. जे जळून जाते त्याला बाटली लागत नाही आणि ज्याने डबा मरतो ते बाटलीने निघत नाही.

मरणाची खरी कारणे

डबा मरतो कशाने? पहिले आणि सर्वांत क्रूर कारण मिसफायर. प्लग जुना झाला, कॉइल कमजोर झाली किंवा इंजेक्टर गळू लागला, की न जळलेले पेट्रोल थेट डब्यात जाऊन तिथे पेटते. सिरॅमिक वितळण्याइतकी उष्णता आत तयार होते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो, तेव्हा गाडी हेच ओरडून सांगत असते की, आत्ता, या क्षणी कॅटॅलिस्ट जळतो आहे, थांबा. आपल्याकडे त्या दिव्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या रविवारची वाट पाहिली जाते. सेल्फ न लागणारी गाडी चौघांनी धक्का मारून पुन्हा पुन्हा सुरू करण्याची आपली रीतही अशीच घातक आहे. कन्व्हर्टर असलेल्या गाडीला धक्का मारू नये, असे मालकाच्या पुस्तिकांत छापलेले असते, पण ते पान कोणी उघडत नाही.

दुसरे कारण ऑइल. रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले इंजिन ऑइल खाते आणि त्या ऑइलमधील फॉस्फरस आणि जस्त कॅटॅलिस्टवर राख होऊन बसतात. तिसरे कारण कूलंट. हेड गॅस्केट गळत असेल तर कूलंटमधील सिलिकेट सेन्सर आणि डबा दोन्हींना निकामी करते. चौथे कारण सिलिकॉनचे सीलंट. इंजिनाच्या जोडांवर वाट्टेल ते गॅस्केट मेकर फासले, की त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर थर धरते. पाचवे कारण पावसाळ्यातले तुंबलेले रस्ते: तापलेला डबा अचानक गार पाण्यात बुडाला तर आतला ठोकळा तडकू शकतो.

महाराष्ट्रात आणखी एका कारणाची नोंद केली पाहिजे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरदार स्पार्क लागतो. नंतर बसवलेल्या किटच्या गाडीत जुने प्लग आणि वाढलेला गॅप तसाच ठेवला, तर पेट्रोलवर नीट चालणारी गाडी सीएनजीवर मिसफायर करते. किटचे ट्यूनिंग चुकले असेल तर प्रमाणही ढळते. अशा गाडीचा डबा गेला, की सगळे डब्याला दोष देतात. प्लगकडे कोणी पाहत नाही.

या यादीतील एकही कारण डब्यात जन्मत नाही. म्हणूनच मूळ बिघाड तसाच ठेवून नवा डबा टाकला तर तोही त्याच वाटेने जातो. ‘नवीन टाकला, वर्षातच गेला, मालच भिकार’ ही तक्रार ऐकली की मला विचारावेसे वाटते: गाडी ऑइल खाते का, प्लग कधी बदलले?

पी०४२०चा खरा अर्थ

तिसरा आक्षेप स्कॅनरच्या साक्षीचा. साक्षीदाराने नेमके काय पाहिले, ते आधी समजून घेऊ. जुन्या पद्धतीचा पुढचा झिर्कोनिया सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वर-खाली होत असतो. डबा निरोगी असेल तर त्यातले सेरियम ऑक्साइड हे चढउतार पचवते आणि मागच्या सेन्सरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो, साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचू लागला, की ईसीयू पी०४२० नोंदवतो. म्हणजे ईसीयूने डबा तपासलेला नसतो. त्याने दोन सेन्सरांच्या जबान्या जुळवून अनुमान काढलेले असते.

अनुमान चुकू शकते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा पाइपच्या जोडातून गळती असेल तर धुराच्या ठोक्यांबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि दोन्ही सेन्सर फसतात. पुढचा सेन्सर म्हातारा होऊन आळसावला असेल, मिसफायर चालू असेल, पेट्रोलचे प्रमाण ढळलेले असेल, तर ज्या पायावर हे अनुमान उभे आहे तो पायाच खचतो. पी०३०० मालिकेतला मिसफायरचा कोड किंवा पी०१७१चा ‘मिश्रण पातळ’ हा कोड सोबत असेल, तर आधी त्यांचा निकाल लावावा आणि मगच पी०४२०कडे वळावे. हा क्रम उलटा केल्यामुळे कित्येक चांगले डबे भंगारात गेले आहेत.

आणि भंगाराचा विषय निघालाच आहे तर हेही बोलले पाहिजे. २०२०नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. चोरांना पत्रा नको होता, आतली ‘माती’ हवी होती, कारण त्या मातीत पॅलेडियम आणि ऱ्होडियम आहे. काढलेल्या जाळीला बाजारात मोल आहे. ‘आम्ही स्वस्तात काढून देतो’ म्हणणाऱ्याला, काढलेली जाळी माझ्या हातात द्याल का, एवढे जरूर विचारावे. जाळी सळईने फोडणाऱ्या पोऱ्याच्या छातीत जी धूळ जाते, तिचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. ठोकळ्याभोवतीच्या उष्णतारोधक अस्तरात सिरॅमिकचे तंतू असू शकतात आणि ते फुप्फुसांत रुतून बसतात.

एका गाडीने काय होते?

चौथा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत दुबळा. डबा नव्वद टक्के विष घालवतो याचा सरळ अर्थ असा की, डबा काढलेली एक गाडी निदान दहा गाड्यांइतके विष ओकते. सोसायटीच्या बारा गाड्यांपैकी एकीचा डबा काढला, तर तळघरातल्या पार्किंगमध्ये जवळजवळ दुप्पट विष साचते. ते आपल्याच मुलांच्या नाकात जाते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक चिकटून बसतो. त्याला ना रंग ना वास. डंपर धूर सोडतो म्हणून मीही सोडतो, हा युक्तिवाद सिग्नलवर दिवसभर उभ्या असणाऱ्या वाहतूक पोलिसासमोर करून दाखवावा.

राहिले पीयूसी. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. चाचणी उभ्या गाडीची असते आणि नायट्रोजन ऑक्साइड तिच्यात मोजलेच जात नाहीत. बीएस-६च्या नियमात मात्र प्रत्येक किलोमीटरला ०.०६ ग्रॅमपेक्षा जास्त नायट्रोजन ऑक्साइड पेट्रोल गाडीने सोडायचे नाहीत, आणि डब्याविना ते अशक्य आहे. पीयूसीचा कागद मिळाला म्हणून गाडी निर्दोष ठरत नाही. कायदाही मोघम नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. कलम १९०च्या दुसऱ्या पोटकलमानुसार हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मंडन: काय करावे, आणि घरी किती करावे

खंडन करून थांबणे योग्य नाही. नवा मूळ डबा महाग असतो, ही खरी अडचण आहे, आणि त्या अडचणीमुळेच माणूस फोडण्याच्या सल्ल्याला बळी पडतो. त्यावर उत्तर एकच: आधी स्वस्त तपास, मग स्वस्त दुरुस्ती, शेवटी महाग भाग. यातला बराच भाग घरी होतो. ‘हे घरचे काम नाही’ हा समजही मला अर्धाच मान्य आहे.

तपास तर नक्कीच घरी होतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल एवढे पुरते. कोड लिहून ठेवावेत, लगेच पुसू नयेत. इंजिन पूर्ण तापल्यावर पुढच्या-मागच्या सेन्सरांचे आकडे शेजारी शेजारी पाहावेत. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती, अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत आहे का, ते पाहावे. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. तो असा वर-खाली नाचत नाही, हे लक्षात ठेवावे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टकटक असा आवाज आणि जोडाजवळ काळा डाग दिसला तर गळती समजावी. डिपस्टिकवर ऑइल आणि बाटलीत कूलंट किती उतरते याची महिनाभर नोंद ठेवावी. पिकअप खरोखर गेला असेल तर पुढचा सेन्सर काढून त्याच छिद्रात प्रेशर गेज लावून घ्यावा. २५०० आरपीएमला दाब सुमारे तीन पीएसआयच्या पुढे गेला तरच वाट बंद आहे, असे म्हणता येते.

सेन्सर बदलणे हे धीराने करणाऱ्याला घरी जमण्यासारखे काम आहे. आधी कोणता सेन्सर गेला आहे ते नक्की करावे. पी०१३० ही पुढच्या सेन्सरच्या सर्किटची तक्रार, पी०१३६ ही मागच्याची. पुष्कळदा सेन्सर शाबूत असतो आणि उंदराने वायर कुरतडलेली असते. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा, आटे गंज सोडवणाऱ्या स्प्रेने भिजू द्यावेत, इंजिन जरासे कोमट असताना बावीस मिलिमीटरचे, वायरीसाठी खाच असलेले सॉकेट लावून सेन्सर सोडवावा. साधा पाना घसरला तर कडा गोल होतात आणि पाच मिनिटांचे काम लेथवर जाते. नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कंपनीनेच अँटी-सीझ लावलेले असते. नसेल तर फक्त आट्यांना, टोकाला चुकूनही नाही. सुरुवात हातानेच करावी आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावे. बहुतेक सेन्सरांना तो ४० ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. वायर एक्झॉस्टपासून दूर, मूळ क्लिपांतच बसवावी.

डबा बदलणे हे वेगळ्या तोलाचे काम आहे. अनेक छोट्या गाड्यांत तो मॅनिफोल्डशी एकजीव असतो, आणि मॅनिफोल्डचा गंजलेला स्टड हेडमध्ये तुटला तर घरचा खेळ तिथेच संपतो. जिथे तो फ्लँजांच्या मध्ये बोल्टने बसवलेला आहे, तिथे पक्की फरशी, स्टँड, चष्मा, नवी गॅस्केट, नवे नट आणि पूर्ण थंड झालेली गाडी असेल तरच हात घालावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थरावर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कोणत्याही कारणाने शिरू नये. वेल्डिंग लागत असेल तर ते वर्कशॉपचे काम. भाग घेताना आपल्या मॉडेलसाठी आणि आपल्या बीएस टप्प्यासाठी बनवलेलाच घ्यावा. सर्वांना बसणाऱ्या स्वस्त डब्यांत मौल्यवान धातू कमी असला तर काही महिन्यांत तोच कोड परत येतो. जुना डबा अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला द्यावा आणि त्याची पावती घ्यावी.

काम झाल्यावर कोड पुसून हात झटकू नयेत. ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण व्हायला शहरात आणि हायवेवर काही दिवस गाडी चालवावी लागते. त्या पूर्ण होऊन दिवा लागला नाही तरच निदान बरोबर होते. लागला, तर मूळ कारण अजून आत आहे, असे समजून पुन्हा पहिल्या पायरीवर जावे.

तेव्हा वाचकांना माझी विनंती एवढीच: पुढच्या वेळी कोणी ‘डबा काढून टाका’ किंवा ‘डबा बदलून टाका’ म्हणेल, तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा, तो मेला कशाने? उत्तर मिळेपर्यंत डब्याला हात लावू देऊ नका.